विषाचा हिशेब कोणी मागायचा?

शहरात दिव्यांचे खांब किती, मालमत्ताकराची थकबाकी किती, याची नोंद महापालिकेच्या दप्तरात असते आणि चिकाटीने मागितल्यास ती नागरिकाला पाहावयासही मिळते. मात्र त्याच शहराच्या हवेत, नाल्यात आणि मातीत कोणत्या कारखान्याने वर्षभरात कोणते रसायन किती किलो सोडले, या प्रश्नाला सामान्य नागरिकाच्या हाती लागेल असे उत्तर नाही. जे पोटात आणि फुप्फुसात जाते त्याचाच हिशेब नसावा, ही विसंगती साधी नव्हे.

डोंबिवलीचे उदाहरण यासाठी पुरेसे बोलके आहे. जानेवारी २०१४ मध्ये तेथे हिरवट रंगाचा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक वसाहतीतील रस्ता गुलाबी झाला. दोन्ही वेळा वृत्तपत्रांतून छायाचित्रे झळकली, कारण ते प्रदूषण डोळ्यांना दिसले. परंतु बहुतेक विषारी वायूंना रंग नसतो, आणि जे दिसत नाही त्याची दखल घेतली जात नाही. पुढे २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी त्याच वसाहतीत भीषण स्फोट झाले. प्रत्येक वेळी दहाहून अधिक माणसे दगावली आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. पंचनामे झाले, स्थलांतराच्या घोषणा झाल्या. पण भिंतीपलीकडे कोणते द्रव्य किती साठवले आहे, हा प्रश्न रहिवाशांना स्फोटानंतर विचारावा लागला. तो आधी विचारता यावा आणि त्याचे उत्तरही मिळावे, एवढीच अपेक्षा येथे आहे.

कायदे नाहीत असे मुळीच नाही. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा, तर पर्यावरण संरक्षणाचा व्यापक कायदा १९८६ चा आहे. त्याखालील नियमांनुसार संमतिपत्र घेणाऱ्या कारखान्यांना दरवर्षी पर्यावरणविषयक विवरणपत्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला सादर करावे लागते. कच्चा माल, पाणी, सांडपाणी, घातक कचरा अशा साऱ्या बाबी त्यात असतात. तात्पर्य, माहिती जमते. पण ती कारखाना आणि मंडळ यांच्यातील पत्रव्यवहार होऊन राहते. ज्याच्या गल्लीतून तो नाला वाहतो, त्याला समजेल अशा स्वरूपात ती त्याच्यासमोर मांडली जात नाही.

दैवदुर्विलास असा की, माहितीच्या या हक्काचा धडा जगाने भारताच्याच दुःखातून घेतला. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायूने हजारोंचे बळी घेतले. त्यानंतर अमेरिकेने १९८६ मध्ये कायदा करून कारखान्यांना आपल्या विषारी उत्सर्जनाचे आकडे जाहीर करणे बंधनकारक केले. हे आकडे प्रसिद्ध होणार असे दिसताच, १९८८ मध्ये मोन्सँटो या बलाढ्य कंपनीने हवेतील आपले विषारी उत्सर्जन १९९२ अखेर नव्वद टक्क्यांनी कमी करण्याचे जाहीर केले. कोणत्याही न्यायालयाने तसा आदेश दिला नव्हता. लोकांसमोर आकडा येणार, एवढ्या जाणिवेनेच ते घडले.

कॅनडातील टोरोंटो महापालिकेने आणखी एक पाऊल टाकले. देशाच्या राष्ट्रीय नोंदवहीत प्रामुख्याने मोठे कारखाने येत. वस्तीत विखुरलेली धुलाईची दुकाने, छापखाने, मोटारी रंगवण्याचे कारखाने त्यातून निसटत. म्हणून डिसेंबर २००८ मध्ये महापालिकेने उपविधी संमत करून आरोग्यास विशेष घातक अशी पंचवीस द्रव्ये निश्चित केली आणि लहान व्यावसायिकांनाही त्यांचा वापर व उत्सर्जन कळवण्यास सांगितले. सोबत पर्याय शोधण्यास साहाय्यही देऊ केले. यातील मर्म उघड आहे. धुराड्यातून उडून जाणारे द्रावण हा विकत घेतलेला मालच असतो. मोजदाद सुरू झाली की, आपला किती पैसा हवेत जातो, हे मालकाला प्रथमच उमगते.

आपल्याकडेही असे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. महाराष्ट्राच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ मध्ये धुराड्यांतील धूलिकणांच्या आधारे कारखान्यांना तारांकित श्रेणी देऊन ती जाहीर केली. सुरतेत २०१९ पासून धुराड्यांवर अखंड मोजणी करणारी यंत्रे बसवून धूलिकणांच्या परवान्यांचा बाजार उभारण्यात आला, आणि त्यात सहभागी झालेल्या कारखान्यांचे उत्सर्जन वीस ते तीस टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासात आढळले. हे प्रयोग धुळीपुरते होते, रसायनांपर्यंत पोहोचले नव्हते, हे मान्य केले पाहिजे. तरीही मोजणी शक्य आहे, आणि मोजल्याने घट होते, हे त्यांनी आपल्याच भूमीवर सिद्ध केले.

आक्षेप तीन घेतले जातात. पहिला व्यापारी गुपिताचा. परंतु उत्पादनाची कृती कोणी मागत नाही; कुंपणाबाहेर काय पडते, एवढेच विचारले जाते, आणि कुंपणाबाहेर पडलेले विष हे कोणाचे खासगी गुपित असू शकत नाही. दुसरा आक्षेप लहान उद्योजकावरील भाराचा. तो रास्त आहे. म्हणून अर्ज एका पानाचा असावा, आणि मार्गदर्शनास तंत्रनिकेतने व महाविद्यालयांचे रसायनशास्त्र विभाग पुढे यावेत. तिसरा आक्षेप लोक घाबरतील असा. वस्तुतः लोक घाबरतात ते अज्ञानाने. कोणत्या वासाला खिडकी लावायची आणि कोणत्या भोंग्याला घर सोडायचे, हे ठाऊक असलेली वस्ती अधिक शांत राहते.

कारखान्याने भरलेला आकडा खोटा असू शकतो, ही शंकाही उरतेच. त्यासाठी मंडळाने अचानक तपासणी करावी आणि खोट्या नोंदीला प्रदूषणाइतकीच शिक्षा असावी. मात्र जाहीर आकड्याला हजारो तपासनीस लाभतात. शेजारी, कामगार, शिक्षक, विद्यार्थी असे सारे ती नोंद आपल्या अनुभवाशी ताडून पाहतात. फायलीतल्या आकड्याला तो लाभ नसतो.

तेव्हा मागणी नव्या कायद्याची नाही. जमणारी विवरणपत्रे प्रभागवार, मराठीत आणि वर्षातून एकदा ठरल्या दिवशी प्रसिद्ध करावीत. लहान व्यवसायांना हळूहळू त्यात सामील करून घ्यावे. कारखाने बंद पडावेत असे कामगाराला वाटत नाही आणि वाटूही नये. त्यांच्या धुराड्याखाली आधी तोच उभा असतो. म्हणूनच हा हिशेब मागण्याचा पहिला अधिकारही त्याचाच आहे.