नव्या पीसीची स्क्रीन काळी पडतेय? ग्राफिक्स कार्ड परत पाठवण्याआधी वालूरची ही केस वाचा

संक्रांतीला वालूरला आत्याकडे गेलो होतो. सेलू तालुक्यातलं, आपल्या परभणी जिल्ह्यातलं हे गाव. तिथली चक्राकार बारव तुम्ही एखाद्या रीलमध्ये पाहिली असेलच. तिळगूळ हातात पडायच्या आधीच आतेभावाने मला आतल्या खोलीत ओढलं. "दादा, कार्ड डेड आलंय. रिप्लेसमेंटचे दोनच दिवस राहिलेत. परत पाठवू का?"

टेबलावर नवाकोरा गेमिंग पीसी. आत लाल-निळे लाइट झगमगतायत, पंखे फिरतायत आणि मॉनिटरवर 'नो सिग्नल'. कापसाचे पैसे आले तेव्हा मामांनी थोडे दिले, बाकीचे त्याने लग्नांचे व्हिडिओ एडिट करून जमवलेले. गेम तर खेळायचेच, पण याच मशीनवर पुढच्या सीझनची कामं करायची होती. सहा तारखा आधीच घेतलेल्या.

पहिला प्रॉब्लेम दोन मिनिटांत सुटला, आणि हसू नका, नवीन बिल्डमध्ये ही चूक सगळ्यात जास्त होते. एचडीएमआयची वायर त्याने मदरबोर्डच्या पोर्टला लावली होती. त्याचा प्रोसेसर इंटेलचा, नावाच्या शेवटी 'एफ' असलेला. एफ म्हणजे आत ग्राफिक्सच नाही. मग मदरबोर्डच्या पोर्टमधून चित्र येणार कुठून? वायर खाली, कार्डच्या पोर्टला लावली. डिस्प्ले आला. आत्याने देवाला हात जोडले.

पण खरी गोष्ट पुढे आहे. विंडोज व्यवस्थित, यूट्यूब व्यवस्थित. गेम चालू केला की पाच-दहा मिनिटांत स्क्रीन काळी, कार्डाचे पंखे जेट विमानासारखे सुटणार, आणि मग बटण दाबून बंद करण्याशिवाय इलाज नाही. एक-दोनदा तर पीसी आपोआप रीस्टार्ट झाला. भाऊ म्हणाला, "बघ, मी सांगत होतो ना, कार्डच खराब आहे. इंटरनेटवर सगळे हेच म्हणतायत."

त्याचा संशय अगदीच हवेतला नव्हता. गेलं वर्षभर ग्राफिक्स कार्डांच्या बातम्याच तशा होत्या. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाची आरटीएक्स ५० मालिका आली आणि पाठोपाठ काळ्या स्क्रीनच्या तक्रारी आल्या. कंपनी फेब्रुवारी-मार्चमध्ये एकामागून एक हॉटफिक्स ड्रायव्हर सोडत राहिली. दुरुस्त्यांची लांबलचक यादी असलेला ५७६.०२ ड्रायव्हर यायला एप्रिल उजाडला. फेब्रुवारीतच आणखी एक भानगड बाहेर आली. काही ५०९० आणि ५०७० टीआय कार्डांत, नंतर काही ५०८० मध्येही, आरओपी नावाचे चित्र रंगवणारे युनिट कमी भरले. असे पीस अर्धा टक्क्याच्या आसपास आहेत आणि सरासरी ४ टक्के फरक पडतो, असं कंपनीने मान्य केलं. (तुमचं तपासायचं असेल तर जीपीयू-झेड हे फुकटचं टूल उघडा. ५०७० टीआयला ९६ दिसायला हवेत, ५०८० ला ११२, ५०९० ला १७६. आठने कमी दिसले तर बदलून मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.) मे महिन्यात ५०६० मालिकेसाठी तर एनव्हिडियाने वेगळं फर्मवेअर टूलच दिलं, कारण काही मदरबोर्डवर रीबूट केल्यावर स्क्रीन कोरीच राहत होती. त्याआधी मदरबोर्डचा बायोस अपडेट करा आणि बूट मोड लेगसी नाही तर यूईएफआय ठेवा, असंही सांगितलं होतं.

म्हणजे कार्ड किंवा ड्रायव्हर दोषी असू शकतो, हे खरंय. पण 'असू शकतो' एवढ्यावर पार्सल बांधायचं नसतं. गावातून कुरियर जाणार, सर्व्हिस सेंटर त्यांच्या टेस्ट बेंचवर कार्ड चालवून बघणार, तिथे ते मस्त चालणार आणि 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी लावून परत येणार. तोवर तीन आठवडे गेलेले आणि रिप्लेसमेंटची मुदतही संपलेली.

म्हणून आधी जे फुकट आहे ते केलं. ड्रायव्हर साफ काढायचा असेल तर नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही. सेफ मोडमध्ये जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, चालवलं. त्या वेळी नेट बंद ठेवा, नाहीतर विंडोज स्वतःच मागल्या दाराने जुना ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. नवीन ड्रायव्हर टाकला. गेम लावला. नऊ मिनिटांनी काळी स्क्रीन.

तापमान बघितलं, सत्तरच्या आतच. जानेवारीचा गारवा होता, मे महिन्यातली परभणी नव्हती. इव्हेंट व्ह्यूअर उघडलं, तर तिथे 'कर्नल-पॉवर ४१' च्या लाल नोंदी. याचा अर्थ एवढाच की पीसी नीट बंद न होता अचानक गेला. कारण ती नोंद सांगत नाही, पण बोट कुठे दाखवायचं ते कळतं.

आता या लेखातली सगळ्यात कामाची ट्रिक. एमएसआय आफ्टरबर्नर उघडलं (कार्ड कुठल्याही कंपनीचं असो, चालतं) आणि पॉवर लिमिट १०० वरून ७० टक्क्यांवर आणलं. गेममध्ये ६० एफपीएसचा कॅप लावला. तोच गेम, तीच सेटिंग. वीस मिनिटं, चाळीस मिनिटं, तासभर... काही नाही! पुन्हा १०० वर नेलं, सात मिनिटांत खेळ खल्लास. कार्ड वीज कमी ओढतं तेव्हा ठीक आणि जास्त ओढतं तेव्हा गचकतं, तर पहिला संशय वीज देणाऱ्यावर घ्यायचा.

कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडली आणि कपाळाला हात लावला. एसएमपीएस कॅबिनेटसोबत 'फ्री' आलेला. वर ५०० वॅट छापलेलं, ८० प्लसचा शिक्का नाही, वजन बिस्किटाच्या पुड्याएवढं. त्याला कार्डासाठीची ८ पिनची वायरच नव्हती, म्हणून भावाने जुन्या हार्ड डिस्कच्या मोलेक्स वायरींवर अ‍ॅडॅप्टर लावून काम भागवलं होतं. गणित साधं आहे. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट मिळतात आणि ८ पिनमधून १५०. हे १५० वॅट दोन बारक्या जुनाट वायरींतून ओढायचे म्हणजे बैलगाडीला ट्रॅक्टरची ट्रॉली जोडण्यासारखं. स्क्रीन काळी पडली हे नशीबच म्हणायचं, प्लास्टिक वितळलं नाही. वितळण्याच्या बातम्या तुम्हाला आठवत असतील. ऑक्टोबर २०२२ पासून ४०९० च्या १६ पिन कनेक्टरचे जळके फोटो फिरले होते. एनव्हिडियाने तेव्हा प्लग पूर्ण आत न बसल्याकडे बोट दाखवलं आणि पुढे त्या कनेक्टरची रचना बदलून १२व्ही-२x६ आला. वीज पोचवणारी जोडणी कच्ची राहिली की महागड्या कार्डावर कसं उलटतं, ते तिथे जगाने पाहिलं.

मी भावाला विचारलं, एसएमपीएसवरच का वाचवलेस? त्याचं उत्तर ऐकून मला राग येईना. "दादा, रॅमच एवढी महागली ना. बजेट तेवढंच होतं. कुठंतरी कापावंच लागलं."

इथे परभणीतली काळी स्क्रीन थेट जगाच्या बातमीला जोडली जाते. एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी मेमरी बनवण्यात मोठ्या कंपन्यांना जास्त पैसा दिसतो, म्हणून कारखाने तिकडे वळले. २०२५ च्या शेवटी डीडीआर५ रॅमचे काही किट दोन-तीन महिन्यांत दुपटीच्याही वर गेले. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने तर जाहीर केलं की 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँड ते बंद करतायत. आपल्याकडे कित्येकांची पहिली रॅम याच ब्रँडची. ग्राफिक्स कार्डांनाही मेमरी लागतेच, त्यामुळे त्यांचेही भाव सुखाने खाली येतील असं मला वाटत नाही. आणि बजेट फुगलं की मुलं कार्ड लहान घेत नाहीत, जे गेममध्ये दिसत नाही ते कापतात. एसएमपीएस दिसत नाही. माझं मत विचाराल तर उलटं करा: कार्ड एक पायरी खालचं घ्या, रॅम आज १६ जीबीच घ्या, पण एसएमपीएस ८० प्लस ब्रॉन्झ आणि ओळखीच्या कंपनीचाच. पुढचं कार्ड आलं तरी तो तसाच राहतो.

गावात याला आणखी एक कारण आहे. संध्याकाळी व्होल्टेज खालीवर होतं, ट्यूब मिचमिचते. चांगले एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत सांभाळून घेतात, स्वस्तातले बरेच २०० च्या खाली गेले की गडबडतात. शिवाय कॅबिनेटला हात लावला की मला मुंग्या आल्या. म्हणजे अर्थिंग नाही. एक्स्टेंशन बोर्डाला तिसरी पिन होती, पण भिंतीतल्या सॉकेटच्या त्या भोकामागे वायरच नव्हती. हे काम वायरमनकडूनच करून घ्या, यूट्यूब बघून स्वतः करायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सेलूच्या एका मित्राचा ६५० वॅटचा एसएमपीएस उसना आणला. ८ पिनची सरळ वायर, अ‍ॅडॅप्टर नाही. पॉवर लिमिट १००. तीन तास गेम, मग एका लग्नाचा पूर्ण व्हिडिओ रेंडर. एकदाही काळं पडलं नाही. कार्ड ठणठणीत होतं, परत पाठवायचं टळलं.

तुमच्या केसमध्ये एवढं सगळं करूनही, दुसऱ्याच्या चांगल्या पीसीत लावूनही कार्ड गचकत असेल, तर मात्र गप्प बसू नका. अनबॉक्सिंगचा व्हिडिओ, बिल, सिरीयल नंबरचा फोटो आणि एररचे स्क्रीनशॉट ठेवा. विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दुकान मुंबईत असो की बंगळुरूत, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात केस करता येते, म्हणजे वालूरच्या माणसाला परभणीतच. मुदत दोन वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.

भावाने नवीन एसएमपीएस घेतला, या वेळी बिलासकट. जुना फेकू नको, मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला लावतो म्हणत होता. मी तो माझ्या बॅगेत टाकून घेऊन आलो.