विश्लेषण : कचऱ्यासाठी पोलादी इमारत, पण कचरावेचक बसणार कुठे?

बांधकामात पोलादाचा वापर वाढावा यासाठी काम करणारी कोलकात्यातील ‘इन्सडॅग’ ही संस्था वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी आराखडा स्पर्धा घेते. अशा स्पर्धेत ‘कचऱ्यासोबत जगणे’ हा विषय आला, की विद्यार्थ्यांसमोर बहुधा पहिले चित्र येते ते कोपनहेगनचे. तिथल्या कचऱ्यापासून ऊर्जा बनवणाऱ्या प्रकल्पाच्या छतावर लोक चक्क स्कीइंग करतात. चित्र देखणे आहे. पण आपल्याकडची गरज त्याहून साधी आणि तातडीची आहे.

गरज नेमकी कशाची?

वर्गीकरणाच्या शेडची. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करतात. गोळा केलेला सुका कचरा निवडायला जागा लागते. ती नसेल तर निवडणी पदपथावर, उन्हापावसात होते. कचरावेचकांना वर्गीकरणासाठी पुरेशी जागा द्यावी, असे २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच पालिकांना सांगितले. पण वस्तीत अशी शेड म्हटली, की ‘आमच्या दारात नको’ हा सूर ठरलेला. दुर्गंधी, माश्या, उंदीर यांची भीती खोटी नाही. तिचे उत्तर आराखड्यातच द्यावे लागते. हवा खेळती हवी, फरशी धुता यावी, सांडपाण्याला वाट हवी, आणि कामगार बायकांसाठी स्वच्छतागृह हवेच. बक्षिसासाठी काढलेल्या चित्रांत नेमके हेच राहून जाते.

पोलादच का?

शहरातली मोकळी जागा आज आहे, उद्या नाही. नट-बोल्टने जोडलेला सांगाडा खोलून दुसरीकडे उभारता येतो. काँक्रीटची इमारत मात्र पाडावीच लागते, आणि मग राडारोड्याचा नवा ढीग. शिवाय पोलाद भंगारातून पुन्हा वितळवता येते. एक टन भंगार वापरले तर सुमारे १.४ टन लोहखनिज वाचते. मात्र वेल्डिंग करून सगळे एकजीव केले, तर तुकडे कापून भट्टीत घालण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. त्यामुळे परीक्षकांनी आराखड्यात सर्वांत आधी जोड पाहावेत.

अडचणी कोणत्या?

ओल्या कचऱ्याच्या आम्लयुक्त पाण्याने पोलाद गंजते. जस्ताचा मुलामा आणि देखभाल लागते. पत्र्याचे छप्पर मे महिन्यात भट्टीसारखे तापते. पण खरा धोका आगीचा. मुंबईतील देवनार कचराभूमी जानेवारी २०१६ मध्ये पेटली तेव्हा धुरामुळे परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. सुक्या कचऱ्याच्या शेडमध्ये कागद आणि प्लास्टिकच भरलेले असते, आणि ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला पोलादाची ताकद निम्म्यावर येते. म्हणून खांबांना अग्निरोधक लेप, मालाचे छोटे कप्पे आणि बाहेर पडायला दोन दारे हवीत. हा खर्च स्पर्धेच्या अंदाजपत्रकात मागितला, तर विद्यार्थी तो मांडायला शिकतील. आणि आराखडे तपासणाऱ्यांच्या रांगेत रोज आठ तास कचरा निवडणारी एखादी बाई बसवायला आयोजकांना जादा पैसाही लागणार नाही.