दत्तक देश आणि मतपेटी

कसबा बावड्याला दत्तकविधानाचा अर्थ नव्याने सांगण्याची गरज नाही. येथील लक्ष्मीविलास राजवाड्यात १८७४ मध्ये कागलकर घाटगे घराण्यातील एक मूल जन्मले, १८८४ मध्ये ते करवीरच्या गादीला दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. दत्तकपुत्राला औरसाचे सारे अधिकार मिळतात. म्हणूनच १९०२ मध्ये राज्याच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम ते काढू शकले. परदेशी गेलेल्या माणसाविषयी बोलताना ‘दत्तक देश’ हा शब्द आज सर्रास वापरला जातो. परंतु दत्तक घेण्याचा अधिकार घराण्याचा असतो, मुलाचा नव्हे, याचा सोयिस्कर विसर पडतो.

राजाराम कारखान्याच्या बावड्यात १९८४ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयही आले. पुढे कोल्हापूर परिसरातील कितीतरी घरांत अमेरिकेची निवडणूक ही घरचीच बातमी होऊन बसली. जून २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी, अमेरिकेत पदवी घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पदवीबरोबरच ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना मिळावा, असे उद्गार काढले होते. नोव्हेंबरात ते विजयी झाल्यावर या उद्गारांवर आशेचे इमले उभे राहिले असल्यास नवल नाही. प्रत्यक्षात सत्ताग्रहणाच्याच दिवशी, २० जानेवारी २०२५ रोजी, तात्पुरत्या व्हिसावरील पालकांच्या नवजात अपत्यांना जन्मसिद्ध नागरिकत्व नाकारणारा आदेश निघाला. न्यायालयांनी त्याची अंमलबजावणी रोखली, ही गोष्ट निराळी. सप्टेंबरमध्ये एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ८८ लाख रुपयांचे शुल्क लादण्यात आले.

याबद्दल ट्रम्प यांना दोष देणे सोपे आहे. तथापि ज्याच्याजवळ मत नाही, त्याला दिलेले आश्वासन मोडल्याने कोणत्याही राजकारण्याचे काही बिघडत नाही. १९९० च्या अमेरिकी कायद्यानुसार कोणत्याही एका देशातील लोकांना वर्षाकाठी ग्रीन कार्डांच्या सात टक्क्यांहून अधिक वाटा सामान्यत: मिळू शकत नाही. भारतीय अभियंत्यांची रांग त्यामुळे दशकाहून अधिक लांबली आहे. कार्ड मिळाल्यावर साधारणपणे आणखी पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करावयाचा, आणि मग मत.

तोपर्यंत हा माणूस काय करतो? तो कर भरतो. सामाजिक सुरक्षा निधीसाठी त्याच्या वेतनातून ६.२ टक्के कापले जातात. त्या निवृत्तिवेतनास पात्र होण्यासाठी मात्र सुमारे दहा वर्षांची अंशदाने लागतात. परस्परांची अंशदाने मान्य करणारा करार भारत आणि अमेरिका यांच्यात २०२५ पर्यंत तरी झालेला नव्हता. म्हणजे सात वर्षे राबून परतणाऱ्याचा पैसा तेथील वृद्धांच्या कामी येतो. प्रतिनिधित्वावाचून कर नाही, या घोषणेतून जे राष्ट्र जन्मले त्याने हे चालवावे, यातील विसंगती तेथील अभ्यासकांना जाणवत नसेल असे नाही. नोकरी सुटली तर नवा मालक शोधण्यास सामान्यत: साठ दिवस. अशा कामगाराची सौदाशक्ती किती उरणार, हे अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासही कळेल. इकडे भारतातील मतदार यादीत त्याचे नाव राहू शकते. पण मत द्यावयाचे तर विमानाने यावे लागते.

ज्याचे दत्तकविधान पुरे होते, त्याची गोष्ट वेगळी. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार १९७९ मध्ये अमेरिकेत गेले, १९८८ मध्ये नागरिक झाले आणि २०२२ मध्ये मिशिगनमधून तेथील प्रतिनिधिगृहावर निवडून आले. २०१८ मध्ये गव्हर्नरपदासाठीची पक्षांतर्गत निवडणूक ते हरले होते. हरण्याचाही अधिकार नागरिकत्वानेच दिला.

याउलट उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलिश निर्वासित राहिले. ते गेल्यावर तेथे सिंधी निर्वासित आले आणि कापडपेठ म्हणून नावारूपाला आलेले गांधीनगर वसले. १९४८ मध्ये देशाच्या पहिल्या मतदार याद्या सिद्ध होत असताना, निर्वासितांनी येथे कायम राहण्याचा इरादा नुसता जाहीर केला तरी त्यांची नावे यादीत घ्यावीत, असा निर्णय झाला. घटनेतील नागरिकत्वाची कलमे तेव्हा मंजूरही झालेली नव्हती. फाळणीने उखडलेला माणूस आणि पगारासाठी गेलेला माणूस एक नव्हेत, हा आक्षेप रास्त आहे. पण ज्यांचे सर्वस्व गेले होते त्यांना १९५१-५२ च्या निवडणुकीत मतदार म्हणून उभे राहता आले. नंतरच्या भरभराटीत त्यांच्या व्यापारी चातुर्याइतकाच या निश्चिंतीचा वाटा असावा.

मात्र अमेरिकेला बोल लावताना गळीत हंगामाकडेही पाहिले पाहिजे. बीडकडील ऊसतोड मजूर वर्षातील पाच-सहा महिने कोल्हापूरच्या फडात काढतो. त्याचे मत गावच्या यादीत पडून राहते. देशांतर्गत स्थलांतरितांना असेल तेथून मत देता यावे म्हणून निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचे प्रात्यक्षिक पक्षांपुढे ठेवले होते. बहुतेक विरोधी पक्षांनी हरकती घेतल्या, आणि २०२४ च्या दोन्ही निवडणुका त्या यंत्रावाचूनच पार पडल्या.