पोट लहान, हिशेब मोठा

दिवाळीच्या अंकात गृहिणीने लाडू-चकल्यांविषयीच लिहावे, असा एक अलिखित दंडक आहे. यंदा मी तो बाजूला ठेवणार आहे. हल्ली ओळखीच्या घराघरांतून वजन उतरविण्याच्या शस्त्रक्रियेची गोष्ट कानावर येते. ऑपरेशन डॉक्टर करतात, परंतु त्यानंतरचे दिवस निभावावे लागतात ते स्वयंपाकघराला. म्हणून हा चार शब्दांचा प्रपंच.

या शस्त्रक्रियेत चरबी कापून काढतात, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नव्हे. शस्त्र चालते ते जठरावर. १९६६ साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन आणि डॉ. चिकाओ इटो यांनी जठराचा लहानसा भाग वेगळा करून तो आतड्याला जोडण्याची रीत सुरू केली. हिला बायपास म्हणतात. आज पुष्कळ ठिकाणी होणाऱ्या स्लीव्ह नावाच्या रीतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढूनच टाकतात. पहिल्या रीतीत अंड्याएवढी पिशवी उरते, दुसरीत केळ्यासारखी नळी. चार घासांत पोट भरते आणि वजन झपाट्याने उतरू लागते.

खरी मेख इथेच आहे. वजनाच्या काट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. खाण्यातून पुरेशी प्रथिने मिळाली नाहीत, तर शरीर आपलेच स्नायू मोडून खाते. काटा खाली येतो, परंतु जिना चढताना पाय थरथरतात. म्हणून साधारणपणे दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत, असे डॉक्टर सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा त्यांनाच विचारून ठरवावा.

६० ग्रॅम म्हणजे किती? वाटीभर वरणात ६-७ ग्रॅम, पेलाभर दुधात तितकीच, एका अंड्यात ६, ५० ग्रॅम पनिरात सुमारे ९. पोळीत जेमतेम ३. साबुदाण्यात जवळजवळ काहीच नाही. खिचडीत जी काय प्रथिने असतात ती दाण्याच्या कुटाची!

गेल्या वर्षी आमच्या वन्सं ऑपरेशननंतर दीड महिना आमच्याकडे होत्या. आमच्या घरी अंडे शिजत नाही, तेव्हा सगळी भिस्त दूध, डाळ आणि सोयाबीनवर. लेकीचा उतरलेला चेहरा पाहून सासूबाईंचा जीव तुटे. एके दिवशी त्या म्हणाल्या, "अगं, तुपातला शिरा दे तिला दोन घास."

मी म्हटले, "आई, दोनच घासांची जागा आहे हो त्यांच्या पोटात. ती शिऱ्याला दिली, तर पनिराला कुठून आणू?"

सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी देवघरातल्या नैवेद्याच्या वाटीएवढी एक वाटी शोधून काढली आणि मुगाचे घट्ट वरण गाळून स्वतः तीत वाढले. तेव्हापासून हिशेब त्यांनीच सांभाळला.

तयारी ऑपरेशनच्या आधीच सुरू होते. यकृत जठरावर पसरलेले असते. ते आकसून सर्जनला वाट मोकळी व्हावी, म्हणून बहुधा दोन आठवडे भात, पोळी आणि गोड कमी करून प्रथिने अधिक असा आहार देतात. सावकाश चावून खाण्याचा सराव याच दिवसांत करून घ्यावा.

नंतर आधी पातळ, मग घोटलेले, मग मऊ, मग नेहमीचे, अशा पायऱ्या असतात. प्रत्येक पायरी डॉक्टरांच्या सांगण्यावरून चढायची. पातळ पदार्थांच्या दिवसांत पेलाभर दुधात साय काढलेल्या दुधाची भुकटी मोठे दोन चमचे विरघळवली, की प्रथिने ११ ग्रॅमच्या आसपास जातात. ते घोट घोट तासाभरात संपवावे. डॉक्टर डब्यातली प्रथिनांची पूड देतात, तिला नाके मुरडू नयेत. चीज करताना उरणाऱ्या पाण्यातली प्रथिने वाळवूनच ती बहुधा केलेली असते. पुढे जिरेपूड घातलेला चक्का, कुस्करलेले पनीर, मुगाचे मऊ धिरडे आणि परवानगी मिळाल्यावर सोयाबीनच्या वड्या द्याव्यात. ३० ग्रॅम कोरड्या वड्यांत १५ ग्रॅम प्रथिने असतात. मासे खाणाऱ्यांना तर वाफवलेले पापलेट म्हणजे पर्वणीच.

ताटाचा क्रम मात्र उलटा करावा. आधी प्रथिने, मग भाजी, शेवटी जागा उरली तर भात-पोळी. जेवताना पाणी नको. ते अर्ध्या तासाने. गोडाने, विशेषतः बायपासनंतर, घाम सुटतो, छाती धडधडते, जुलाब होतात. ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशा जन्मभर घ्याव्या लागतात. तिसऱ्या महिन्यात वन्संच्या फणीत केसांचे पुंजके येऊ लागले, तेव्हा घर घाबरले. वजन भराभर उतरले की असे होते, आणि आहार नीट असेल तर केस परत येतात, असा धीर डॉक्टरांनी दिला. तसेच झाले.

आपल्याकडे प्रेम मोजतात ते आग्रहाने. या दिवाळीत असे कोणी तुमच्याकडे फराळाला आले, तर "आमच्यासाठी एक तरी लाडू!" म्हणून त्यांना कोड्यात टाकू नका. छोट्या वाटीत मिरपूड भुरभुरलेले ताजे पनीर ठेवा, आणि त्यांनी निम्मे टाकले तरी वाईट वाटून घेऊ नका. गप्पांना काही पोटात जागा लागत नाही. त्या हव्या तेवढ्या वाढा.