नव्व्याण्णव वेळा हरलेला माणूस

ज्या थोड्या माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो, त्यांत गॅबी जे नावाचा एक फ्रेंच मुष्टियोद्धा आहे. वय 56, मुक्काम पॅरिस. एकूण लढती 100. पैकी हरलेल्या 99, जिंकलेली 1. हा गृहस्थ प्रत्यक्षात नाही, तो ‘सुपर पंच-आउट’ नावाच्या व्हिडिओ गेममध्ये राहतो, हे मला ठाऊक आहे. पण शेरलॉक होम्स तरी कुठं प्रत्यक्षात होता? त्याच्या घराचा पत्ता विचारत लोक लंडनला जातातच ना! तेव्हा गॅबी जेची बाजू मांडायला आज मी उभा आहे. कारण त्याचा जो पिढीजात धंदा, म्हणजे हरणं, तोच सध्या बंद पाडण्याचा उद्योग चालला आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं 1987 साली माइक टायसनच्या नावानं मुष्टियुद्धाचा एक खेळ काढला. तो तुफान गाजला. 1990 मध्ये त्यातून टायसन गेला आणि त्याच्या जागी मिस्टर ड्रीम नावाचा एक गोरा इसम आला. मग 1994 साली ‘सुपर निन्टेन्डो’ या नव्या यंत्रावर त्या खेळाचा पुढचा भाग आला, तो हा. थोरल्याची कीर्ती मोठी असली की धाकट्याचं जे होतं, तेच याचं झालं. ‘चांगला आहे हो, पण टायसन नाही,’ असं म्हणून लोक मोकळे झाले. जेवणाच्या पंक्तीत ‘जिलबी नाही’ म्हणून बासुंदीला नावं ठेवणारी माणसं असतात, त्यांतलेच हे.

मी हा खेळ प्रथम खेळलो तो 1995 साली न्यू जर्सीत. कंपनीनं सहा महिन्यांसाठी धाडलं होतं, आणि आम्ही चार मराठी पोरं एका खोलीत राहत होतो. स्वयंपाकाची पाळी कुणाची, हे या खेळावर ठरायचं. त्या सहा महिन्यांत मी किती भांडी घासली असतील याचा हिशेब ठेवलेला नाही.

खेळ असा आहे. तुमचा गडी पाठमोरा, अर्धपारदर्शक, म्हणजे त्याच्या आरपार समोरचा राक्षस दिसावा अशी सोय. असे राक्षस एकूण सोळा. एका लढतीला तीन मिनिटं. तेवढ्यात समोरच्याला आडवा केला नाही तर तुम्ही हरलात. गुण मोजून निकाल लावायची भानगड नाही. तुम्ही पडलात तर पंच आकडे मोजतो, आणि दहा व्हायच्या आत बटणं बडवत उठायचं. समोर कोण येईल याचा नेम नाही. कॅनडाचा बेअर हगर येतो, त्याच्या पोटावर ठोसे मारणं म्हणजे गादीवर मारणं. मिलानचा विदूषक चेंडू फेकून मारतो. ओसाकाचा एकोणीस वर्षांचा पोरगा चक्क केसांनी फटकारतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक चिनी आजोबा मुष्टियुद्धाला काठी घेऊन येतात आणि पंच त्यांना काही बोलत नाही. वयाचा मान!

आता मूळ तक्रार. 2017 साली निन्टेन्डोनं त्या जुन्या यंत्राची तळहाताएवढी आवृत्ती काढली. आत 21 खेळ, त्यांत हाही. भाच्यानं अमेरिकेतून येताना ती माझ्यासाठी आणली. पोराचे उपकार आहेत. पण त्या यंत्रात एक सोय घातली आहे: खेळ थांबवून मागे न्यायची. ठोसा बसला? मागे जा. आडवे झालात? मागे जा. पडलेला गडी उलटा उठतो, नाकावर बसलेला ठोसा परत जातो, आणि तुम्ही पुन्हा शहाणे!

तुर्कस्तानचा बाल्ड बुल मुसंडी मारून आला आणि मला त्यानं लोळवलं, तेव्हा भाचा शेजारून म्हणाला, “मामा, रिवाइंड करा की!”

“का म्हणून?”

“अहो, पुन्हा पहिल्यापासून कोण खेळत बसणार? वेळ आहे का कुणाला?”

वेळ! अरे बाबा, अख्खी लढत तीन मिनिटांची. तेवढ्यात कुकरच्या शिट्ट्यासुद्धा होत नाहीत. बाल्ड बुल धावून येतो तेव्हा नेमक्या क्षणी त्याच्या पोटात ठोसा घातला तर तो एका फटक्यात झोपतो. क्षणभर आधी नाही, क्षणभर नंतर नाही. हा क्षण कुठल्या पुस्तकात वाचून कळत नाही. पाचसात वेळा लोळल्यावर हाताला कळतो. मागे नेऊन नेऊन तुम्ही त्याला पाडलंत, तर तो पडतो खरा, पण तुमच्या हाताला काहीच कळलेलं नसतं. पुढच्या वेळी तो येतो तेव्हा तुम्ही तितकेच कोरे.

शिवाय या खेळात चौथी एक गुप्त स्पर्धा आहे. पहिल्या तीन स्पर्धा एकही लढत न हरता जिंकल्या तरच तिचं दार उघडतं. ते दार मागे-पुढे करून उघडणारे लोक नंतर चारचौघांत ‘मी चौथ्या स्पर्धेत पोचलो’ म्हणून सांगतात, ते मात्र मला सहन होत नाही. शब्दकोडं उत्तरं बघून भरणाऱ्याला कुणी फाशी देत नाही. पण मग भरलेलं कोडं लोकलच्या डब्यात उघडं धरून बसू नये. ज्याचे हात थरथरतात, किंवा जो सहा वर्षांचा आहे, त्यानं खुशाल मागे न्यावं. माझं भांडण त्याच्याशी नाही. माझं भांडण धडधाकट माणसाशी आहे, ज्याला जिंकायचं आहे पण लढायचं नाही.

आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त मास्तरांचा आक्षेप वेगळा. म्हणाले, “यात कौशल्य कसलं? ही तर घोकंपट्टी.” मास्तरांनी घोकंपट्टीविरुद्ध बोलावं हा योग दुर्मिळ, म्हणून मी ऐकून घेतलं. हा खेळ डोळ्यांवर पट्टी बांधून, नुसत्या आवाजावर पार करणारे लोक आहेत, ही गोष्ट खरी. पण त्याला घोकंपट्टी म्हणायचं तर तबलजीच्या बोटांनाही म्हणा. हा खेळ माणूस ओळखायला लावतो. लंडनचा नार्सिस प्रिन्स घ्या. त्याच्या देखण्या तोंडाला धक्का लागला की तो पिसाळतो, आणि पिसाळला की उघडा पडतो. आमच्या सोसायटीच्या कमिटीत असे तिघे आहेत.

एका बाबतीत मात्र मी या खेळाला माफ करणार नाही. 1987 च्या खेळात ग्रेट टायगर नावाचा आपला एक माणूस होता. गाव मुंबई. डोक्याला फेटा, फेट्यावर रत्न, आणि ठोसा मारण्याआधी ते रत्न चमकायचं. मधूनच अदृश्य व्हायचा. एवढ्या वर्षांत दादरला असा माणूस मला दिसलेला नाही, पण तरी आपला होता! 1994 साली त्याला वगळला. 2009 मध्ये ‘वी’ यंत्रावरच्या खेळात तो परत आला, तोवर त्याच्या गावाचं नाव बदललं होतं.

राहता राहिली 2022 सालची गोष्ट. खेळ येऊन अठ्ठावीस वर्षं झाल्यावर कुणीतरी शोधून काढलं, की त्यात दोघांनी खेळायची एक वाट सुरुवातीपासून दडवलेली आहे. दुसऱ्या माणसानं ठरावीक बटणं दाबून धरली की तो समोरच्या मुष्टियोद्ध्याच्या अंगात शिरू शकतो. भाचा सुट्टीला आला की आम्ही हल्ली तसंच खेळतो. मी काठीवाले आजोबा घेतो, वयाला शोभतात म्हणून. मागे न्यायची सोय याही खेळात आहे. पण यंत्र माझ्या पायाशी असतं, आणि भाच्यानं तिकडं हात नेला की आजोबा खेळाबाहेरही काठी वापरतात.