घरपट्टींतील सूट आणि गांवाचा हिशेब

घरपट्टीचें बिल आलें म्हणजे एकत्र कुटुंबांत कर ह्या विषयावरील सगळीं मतें एकदमच ऐकावयास मिळतात. वडील मंडळी म्हणतात, "वाडा वाडवडिलांचा, त्यांतून एका पैचें उत्पन्न नाहीं, मग कर कसला?" मिळवते चिरंजीव म्हणतात, "रस्त्यांत खड्डे नि नळास पाणी नाहीं. मग कर कशासाठीं?" दोन्ही प्रश्न योग्य आहेत, परंतु त्यांचा विचार निरनिराळा करावा लागतो. आज पहिल्याच प्रश्नाचा विचार करण्याचें योजिलें आहे, कारण आपल्या पुणें शहरांत त्याला पन्नासांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

१९७० सालीं पुणें महानगरपालिकेनें असा ठराव केला कीं, जो मालक आपल्या घरांत स्वतः राहतो त्याच्या घराचें वार्षिक करयोग्य मूल्य शेंकडा ४० नें कमी धरावें. शिवाय दुरुस्तीदाखल कायद्यांत शेंकडा १० वजावट सांगितली असतां ती १५ द्यावी, असेंही ठरलें. ही व्यवस्था जवळजवळ अर्धशतक चालली आणि लोक तिला आपला हक्कच समजूं लागले. पुढें लेखापरीक्षकांनीं आक्षेप घेतला कीं, हिला कायद्याचा आधार नाहीं. २०१८ सालीं राज्य सरकारनें तो ठराव रद्द केला, आणि हजारों घरांत एकाएकीं वाढीव बिलें येऊन पडलीं. मग अर्ज झाले, आंदोलनें झालीं, आणि २०२३ सालीं सरकारनें ४० टक्क्यांची सवलत पुन्हां चालू केली. दुरुस्तीची वजावट मात्र कायद्याप्रमाणें १० वरच आली. ज्यांची सवलत मध्यंतरीं गेली होती त्यांनीं आपण त्या घरांत राहतों ह्याचा पुरावा जोडून अर्ज करावा, असें ठरलें.

ही सवलत अन्यायाची आहे असें आमचें म्हणणें नाहीं. घरपट्टी आकारतांना त्या घरास भाडें किती येऊं शकेल हें पाहतात. ज्याच्या घरांत भाडेकरू आहे त्याच्या हातीं तें भाडें खरोखर पडतें. जो स्वतः राहतो त्याच्या हातीं तें केवळ कागदावर पडतें. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या वृद्ध दांपत्याच्या घराची किंमत दसपट झाली तरी त्यांच्या डब्यांतील तांदूळ मूठभरही वाढत नाहींत. तेव्हां अशा घरास कांहीं सूट असावी, हें न्यायास धरूनच आहे.

परंतु सूट म्हणजे आकाशांतून पडलेलें धन नव्हे. आम्हीं वर्गांत मुलांस शिकविलेलें साधें गणित असें कीं, जमेची एक बाजू उणी झाली तर दुसरी वाढवावी लागते, खर्च कमी करावा लागतो, किंवा ऋण काढावें लागतें. चौथा मार्ग नाहीं. पुण्याच्या तिजोरीची स्थिति पहा. एके काळीं जकात हा मोठा आधार होता. एप्रिल २०१३ मध्यें ती जाऊन स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ मध्यें तोही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला. आणि जुलै २०१७ मध्यें वस्तु व सेवा कर आल्यावर महापालिका त्या उत्पन्नाऐवजीं राज्य सरकारच्या अनुदानाकडे डोळे लावून बसूं लागली. स्वतः आकारावयाचा मोठा कर म्हणजे मुख्यतः घरपट्टीच उरली. त्याच २०१७ च्या जूनमध्यें पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठीं महापालिकेनें शेंकडा ७.५९ व्याजानें २०० कोटी रुपयांचे रोखे काढले. ऋण काढणें हें पाप नव्हे; पण त्याचें व्याज शेवटीं करांतूनच द्यावें लागतें.

दुसरा मुद्दा न्यायाचा. समजा, एकाची घरपट्टी ५,००० रुपये आहे आणि दुसऱ्याची ५०,०००. शेंकडा ४० सूट दिली कीं पहिल्यास २,००० रुपये मिळाले आणि दुसऱ्यास २०,०००. प्रमाण सारखें, पण लाभ ज्याचें घर मोठें त्याला मोठा. जो भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो त्याच्या पदरीं तर कांहींच नाहीं. उलट मालकाच्या करांतील वांटा भाड्यांतून तोच सोसतो. शिवाय पेठेंतील जुन्या वाड्याचें मूल्य ज्या काळीं ठरलें त्या काळाचा शिक्का त्यावर राहतो, आणि उपनगरांतील नव्या घरास आजचा दर लागतो. म्हणजे एकाच कुटुंबांत वडिलांची घरपट्टी हलकी आणि कर्ज काढून घर घेतलेल्या मुलाची जड! अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत १९७८ सालीं लोकांनीं मतदान करून घरांच्या करयोग्य मूल्याची वाढ वर्षास शेंकडा दोनवर रोखली. घर विकलें गेलें म्हणजे मात्र नवें मूल्य लागूं होतें. परिणाम असा कीं, एकाच गल्लींतील दोन सारख्या घरांचे कर अगदीं निराळे. तेव्हां हा पेंच केवळ आपल्याच गांवचा नाहीं.

ह्यावरून आम्हांस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, सूट कायद्याच्या पायावरच असावी. नुसत्या ठरावावर उभी राहिलेली सूट किती ठिसूळ असते हें २०१८ नें दाखविलें. दोन, तिला मर्यादा असावी. लहान घरास पूर्ण सूट, मोठ्यास कमी, असें ठेवल्यास तीच रक्कम गरजूंच्या उपयोगीं पडेल. तीन, सूट दिल्यानें किती रुपये बुडाले आणि ते कोठून भरून काढणार, हें दरवर्षीं अंदाजपत्रकांत स्पष्ट लिहावें. २०२३ सालीं सवलत परत दिली गेली तेव्हां महापालिकेंत लोकनियुक्त नगरसेवकच नव्हते. मार्च २०२२ पासून प्रशासकाचा कारभार चालू होता. ज्याची तिजोरी त्याला बोलावयास तोंड नव्हतें, अशी ती अवस्था होती.

कालिदासानें रघुवंशाच्या आरंभीं दिलीप राजाच्या करास सूर्याची उपमा दिली आहे. सूर्य पाणी शोषून घेतो तें पावसाच्या रूपानें अनेक पटींनीं परत देण्यासाठीं. पाऊस पडत नसेल तर तक्रार अवश्य करावी. पण शोषणच नको आणि वृष्टि मात्र भरपूर हवी, असा हट्ट कोणत्याही शास्त्रांत बसत नाहीं.

सुज्ञ वाचकांनीं पुढील बिल हातीं आलें म्हणजे दोन गोष्टी कराव्या. आपण स्वतः राहतों त्या घरास सवलत लागली आहे कीं नाहीं हें पाहावें, नसल्यास नियमाप्रमाणें ती मागावी; त्यांत संकोच नको. आणि ज्या घरास भाडेकरू आहे तें 'स्वतःच्या राहण्याचें' म्हणून दाखविण्याचा मोह टाळावा. ती चोरी सरकारची नसून शेजाऱ्याची असते, कारण तिची भरपाई शेवटीं त्याच्याच बिलांत होते.