टोळधाड थवा होण्याआधीच रोखावी

मे २०२० मध्ये टोळांचे थवे अमरावती, वर्धा, नागपूरपर्यंत पोहोचले आणि फवारणीसाठी सर्वत्र धावपळ झाली. वास्तविक टोळधाडीचा आरंभ थव्याच्या उड्डाणाने होत नाही. तो कितीतरी आधी, टोळाच्या मज्जासंस्थेत झालेला असतो.

कीटकांच्या शरीरात ऑक्टोपामाइन, डोपामाइन, सेरोटोनिन ही जैवजन्य अमाइने रासायनिक निरोप्यांचे काम करतात. वाळवंटी टोळ एरवी एकटा राहतो, इतर टोळांना टाळतो. पावसानंतर वाढलेली त्यांची संख्या उरल्यासुरल्या हिरवळीवर एकवटली, की मागच्या पायांना परस्परांचा स्पर्श होत राहतो. या स्पर्शाने काही तासांतच वक्षातील चेतागुच्छांत सेरोटोनिन वाढते आणि टोळ एकमेकांकडे ओढले जातात, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. सेरोटोनिनची क्रिया रोखली असता हा बदल घडला नाही.

मग सेरोटोनिन रोखणारे औषधच का फवारू नये? कारण हाच निरोप्या माणसांत, जनावरांत आणि मधमाश्यांतही कार्यरत आहे. खरा उपाय वेळ साधण्याचा आहे. स्वभाव तासांत पालटतो. परंतु पिल्लांना पंख फुटून थवा उडेपर्यंत काही आठवडे हाती असतात.

म्हणूनच टोळ नसलेल्या वर्षांतही राजस्थान-गुजरातच्या वाळवंटी पट्ट्यातील सर्वेक्षणात खंड पडू नये, असे आमचे मत आहे. तेथील विस्तार कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी पावसानंतर हिरवळीचे पट्टे पाहावेत. हिरव्या, विखुरलेल्या पिल्लांऐवजी काळी-पिवळी पिल्ले घोळक्याने दिसल्यास त्याच दिवशी टोळ नियंत्रण कार्यालयास कळवावे. जमिनीवरचा घोळका आवरता येतो. आकाशातला थवा आवरणे फार कठीण.